बिहाइंड द टॉकीज

इंग्रजी शिकवणाऱ्या बाईला सगळ्यात जास्त छळतात ते विद्यार्थी, असा एक गैरसमज आहे. मी इंदूरजवळच्या राऊ गावातल्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवते. तिथली मुलं माझ्या तासाला शांतपणे पेंगतात आणि उलट उत्तर म्हणून कधी देत नाहीत. मला खरं छळलं ते माझ्या घरमालकिणीने.

सांगलीकडून नोकरीसाठी इंदूरला आले तेव्हा मी जुनी इंदूर नावाच्या वस्तीत या काकूंच्या घरी भाड्याने राहायला लागले. खाली त्या, वरच्या दोन खोल्यांत मी. काकूंच्या सासरचे पूर्वज संस्थानच्या फौजेत होते असं त्या सांगत. फौजेतलं आता घरात काहीच उरलेलं नव्हतं, काकूंचा आवाज सोडून. त्या खालून "मॅडमजी, गॅसवर दूध ठेवून विसरल्या का?" असं विचारायच्या आणि ते ऐकून समोरच्या गल्लीतल्या बायकाही आपापलं दूध बघायला उठायच्या.

मग मी राऊला, कॉलेजच्या जवळ, स्वतःचा फ्लॅट घेतला आणि तिकडे राहायला गेले. काकूंनी निरोपाला पुरणपोळी केली, डोळ्यांना पदर लावला, आणि महिन्याभरात माझ्यामुळे आपल्यावर संकट आलं असं जाहीर केलं.

संकट म्हणजे त्यांचा मुलगा. तो बायकोसह बेंगळुरूला असतो, कुठल्याशा कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. एकुलता एक, आणि आईवर जीव असलेला. अशा मुलांशी भांडणं फार अवघड जातं. थंडीत काकू जिन्यावरून घसरल्या होत्या आणि त्यांनी ते मुलाला सांगितलं नव्हतं. शेजारणीने सांगितलं. त्यानंतर त्याने एकच धोशा लावला, की वरच्या खोल्या रिकाम्या आहेत, घरात रात्रीचं कोणी नाही, आता घराला कुलूप घालायचं आणि आईने कायमचं बेंगळुरूला यायचं. काकू म्हणाल्या, मी दुसरी भाडेकरू ठेवते. तो म्हणाला, ठेवून दाखव.

त्याच्या म्हणण्यात तथ्य होतं, ही खरी पंचाईत. काकूंना गावातला भाडेकरू नको होता, कारण तो घर धरून बसतो. बाहेरून शिकायला किंवा नोकरीला आलेल्या मुली चालणार होत्या. पण त्यातल्या कितीतरी जणींना हिंदी येत नाही, आणि काकूंना इंग्रजी येत नाही. अशी एक मुलगी खोली बघून गेली होती. तिने जे जे विचारलं त्याला काकूंनी "येस, येस" म्हटलं. बहुतेक तिने छत गळतं का, असंही विचारलं असावं, कारण ती परत आली नाही.

माझ्याच कॉलेजात केरळहून एक तरुण प्राध्यापिका रुजू होणार होती. तिला खोली हवी होती. मी काकूंचं नाव सुचवलं आणि मायलेकांची फोनवर पैज लागली. ती मुलगी येईल त्या रविवारी मुलगा स्वतः इंदूरला येणार. आईने तिच्याशी स्वतः इंग्रजीत बोलून तिला घरापर्यंत आणायचं, घर समजावून द्यायचं, मध्ये कोणी पडायचं नाही. जमलं तर तो एकटा परत जाईल आणि विषय काढणार नाही. नाही जमलं तर आई त्याच्याबरोबर जाईल. काकू रागाच्या भरात हो म्हणाल्या आणि लगेच मला फोन केला.

"मॅडमजी, तुम्ही गेल्या म्हणून ही झंझट झाली. आता तुम्हीच निस्तरा."

"काकू, एवढ्या थोड्या दिवसांत इंग्रजी कसं येणार?"

"पूर्ण नको. मतलबापुरतं द्या."

मतलबापुरतं इंग्रजी कुठून कुठपर्यंत असतं यावर मी बसमध्ये विचार केला. काळ शिकवावा तर भूतकाळातच आमचं आयुष्य जाणार. क्रियापदं शिकवावीत तर ती रूपं बदलतात, आणि रूपं बदलणाऱ्यांवर काकूंचा विश्वास नाही. शेवटी मला सुचलं, की मालकीण आणि भाडेकरू यांच्यातलं सगळं बोलणं हे कुठे आणि कधी एवढ्यावर चालतं. किल्ली कुंडीखाली. टॉवेल दोरीवर. दूध सातला. पाणी टाकीत. इंग्रजी व्याकरणात याला प्रीपोझिशनल फ्रेज म्हणतात. एक छोटा शब्द आणि त्याच्यामागे एक नाम, इतकंच. ऑन द टेबल, इन द टँक, अंडर द पॉट. एवढं पक्कं झालं तर क्रियापद गिळलं तरी चालतं.

रविवारी सकाळी मी शिकवणीला जाऊ लागले. काकूंनी स्वयंपाकघरातच वर्ग भरवला, कारण बैठकीत बसून शिकलं तर हात रिकामे राहतात.

पहिल्याच दिवशी वाद झाला. मी सांगितलं, आपण मराठीत टेबल आधी म्हणतो आणि 'वर' नंतर जोडतो, इंग्रजीत उलटं, 'ऑन' आधी आणि टेबल नंतर.

काकूंनी लाटणं खाली ठेवलं. "टेबल यायच्या आधीच वस्तू वर कशी ठेवून राहिले हे लोक?"

"तशी पद्धत आहे."

"अधांतरी?"

"हो, काकू. थोडा वेळ अधांतरी."

"तभी," काकू म्हणाल्या आणि पुन्हा लाटायला लागल्या. या 'तभी'मध्ये अख्ख्या ब्रिटिश साम्राज्याचा निकाल होता.

पण बाई हुशार. दोन शिकवण्यांत त्यांनी स्वतःची पद्धत काढली. आधी हात करायचा, मग शब्द. हात वर केला की ऑन, खाली नेला की अंडर, मूठ केली की इन, खांद्यावरून मागे अंगठा दाखवला की बिहाइंड. त्यामुळे त्या इंग्रजी बोलायला लागल्या की चौकात उभा राहून रहदारी सांभाळणाऱ्या पोलिसासारख्या दिसत. मी हसले तर लाटणं माझ्याकडे वळे, आणि त्याला कुठलं प्रीपोझिशन लागतं ते मला विचारायची सोय नसे.

मी त्यांना सांगितलं, की हा 'ऑन द टेबल'सारखा तुकडा वाक्यातून काढून टाकला तरी वाक्य उभं राहतं. 'द कॅट स्लेप्ट ऑन द स्टेअर्स' मधून जिना काढला तरी मांजर झोपलेलीच राहते.

"राहते ना. पण कुठे झोपली ते नाही कळलं, तर मी तिच्यावर पाय देऊन पडेन," काकू म्हणाल्या. थंडीत जिन्यावर नेमकं काय झालं होतं ते मला त्या दिवशी कळलं. मुलाला मी सांगितलं नाही.

त्यांना मनापासून आवडला तो 'विथ'. या एका शब्दाने माणूस नाव न घेता ओळखता येतो हे कळल्यावर काकूंची कळी खुलली. आयुष्यभर नावं घेऊन चहाड्या केल्या आणि आता पकडलं जाण्याची भीतीच संपली. त्या खिडकीत उभ्या राहून सराव करू लागल्या. द वुमन विथ द बिग नोज. द मॅन विथ द टू वाइव्ह्ज. द बॉय ऑन द बाइक विथ द गर्ल फ्रॉम द कॉर्नर हाउस. शेवटचं वाक्य त्यांनी इतकं अचूक म्हटलं की मी शाबासकी दिली. नंतर लक्षात आलं, की कोपऱ्यावरच्या घरातली मुलगी म्हणजे माझीच विद्यार्थिनी, आणि तिने मला आजारी असल्याचं कळवलं होतं.

हा तुकडा ज्याच्याबद्दल आहे त्याच्या शेजारी ठेवायचा, नाहीतर घोटाळा होतो, हेही शिकवावं लागलं. कारण एके दिवशी त्यांनी सांगितलं, "आय गेव्ह मनी टू द मिल्कमन इन द भगोना." भगोना म्हणजे पातेलं. मी विचारलं, दूधवाला पातेल्यात का बसला होता? काकू स्वतःवरच इतक्या हसल्या की पाणी प्यावं लागलं. मग पदराने तोंड पुसत म्हणाल्या, "तो तसाही पाण्यातच असतो, मॅडमजी. दुधात कमी."

मध्येच एखादा दिवस वाईट जाई. शब्द आठवत नसे आणि हात हवेत राही. अशा एका दिवशी त्या म्हणाल्या, "नाही जमलं तर देवघर कशात बांधून नेऊ ग?" 'मॅडमजी' सोडून त्या 'ग' वर आल्या की मामला गंभीर असतो. मला त्यांचा नव्हे, त्यांच्या मुलाचा राग आला, आणि लगेच स्वतःचाही, कारण त्याच्या जागी मी असते तरी हेच केलं असतं. मी म्हटलं, देवघर जागच्या जागी राहील. मग आम्ही पुन्हा 'इन', 'ऑन', 'ॲट' घेतलं.

मी राऊहून फोन करून परक्या मुलीचं सोंग करायचे. काकू फोन उचलून विचारायच्या, "हॅलो. फ्रॉम व्हेअर? टिल व्हेन? विथ हूम?" तिसरा प्रश्न गाळायला सांगितलं तर त्या मानेनात. जी मुलगी तिसऱ्या प्रश्नाला अडखळेल तिला खोली द्यायची नाही, हा त्यांचा नियम होता. मग मी पत्ता विचारायचे, आणि त्या एका दमात म्हणायच्या: "माय हाउस इज बिहाइंड द टॉकीज, ऑपॉझिट द इमली, बिसाइड द फ्लोअर मिल." मागे, समोर, शेजारी, तिन्ही तुकडे जागच्या जागी. सुरुवातीला त्या 'द' खात होत्या, तो मी रागावून घालायला लावला होता. मला माझ्या शिकवण्याचा अभिमान वाटायला लागला. हा अभिमान वाचकांनी लक्षात ठेवावा असं मला मुळीच वाटत नाही.

ठरलेल्या रविवारी मी सकाळीच काकूंकडे पोचले. मुलगा शनिवारीच आला होता. पलंगावर त्याने आईची सूटकेस उघडून ठेवली होती आणि तिच्यात शालींची एक घडी घातली होती. फार नाही, पण आईला दिसावी इतकी.

"तुम्ही काही बोलायचं नाही हां, मॅडम," तो मला म्हणाला. "प्रॉम्प्टिंग नाही चलेगा."

मी शपथ घेतली. काकूंनी मला पोह्यांची बशी दिली, बहुधा तोंड भरलेलं राहावं म्हणून.

गल्लीच्या तोंडाशी ड्रेनेजसाठी खणलेलं होतं, त्यामुळे गाड्या आत येत नव्हत्या. त्या मुलीचा रिक्षावाला मानपुरकडचा, शहरात नवीन. त्याने तिला फोनमधल्या नकाशाच्या भरवशावर कुठेतरी उतरवलं आणि तो निघून गेला. तिचा फोन आला. मुलाने तो स्पीकरवर टाकायला लावला.

"हॅलो," काकू म्हणाल्या. "फ्रॉम व्हेअर?"

मुलगी गोड आवाजात म्हणाली, की ती स्टेशनवरून आली आहे, सामान जड आहे, नकाशा तिला एका भिंतीपाशी घेऊन आला आहे आणि भिंतीला दार नाही.

काकूंनी पदर खोचला, खांद्यावरून अंगठा मागे नेला आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माय हाउस इज बिहाइंड द टॉकीज."

इतकं निर्दोष वाक्य माझ्या एम.ए.च्या वर्गात कोणी म्हटलेलं नाही. मी बशीवरूनच मान डोलावली.

मग मुलगी म्हणाली, इथे सिनेमाचं थिएटर दिसत नाही.

"बिग टॉकीज," काकू म्हणाल्या. "ऑन द रोड."

नाही दिसत, मुलगी म्हणाली. इथे एक लग्नाचं कार्यालय आहे, बँकेचं मशीन आहे.

"ऑपॉझिट द इमली. बिग ट्री."

झाड एकही नाही, मुलगी म्हणाली. आता तिचा आवाज जरा पातळ झाला होता.

"बिसाइड द फ्लोअर मिल," काकू म्हणाल्या, आणि त्यांचा हात शेजारच्या घराकडे गेला तो तिथेच राहिला. शेजारी गिरणी नव्हती. मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं. मी तिथे राहायला आले तेव्हाही तेच होतं.

पोह्यांचा घास माझ्या तोंडातच राहिला. टॉकीज मी आयुष्यात पाहिलेलं नाही. ते पाडून तिथे लग्नाचं कार्यालय झालं ते मी इंदूरला येण्याच्या कितीतरी आधी. पण अख्खी जुनी इंदूर त्या जागेला टॉकीजच म्हणते. "पोरीचं लग्न टॉकीजमध्ये आहे," असं लोक सांगतात आणि कोणाला त्यात काही वावगं वाटत नाही. चिंच रस्ता रुंद करताना गेली, तरी भाजीवाली 'इमलीखाली' बसते, भर उन्हात छत्री लावून. गिरणीवाला आपला गाशा गुंडाळून केव्हाच गेला, तरी शेजारचं दुकान 'चक्कीवालं'. आणि मी, सांगलीकडची, इतकी वर्षं रिक्षावाल्यांना "टॉकीज के पीछे, भिया" म्हणून बिनदिक्कत सांगत आले, तेही मला बरोबर घरी सोडत आले. मग शिकवताना काकू बिहाइंड द टॉकीज म्हणाल्या तेव्हा मी काय पाहिलं, तर 'द' आहे की नाही. जगात नसलेल्या तीन वस्तूंच्या मागे, समोर आणि शेजारी मी ते घर व्याकरणशुद्ध उभं करून दिलं होतं.

मुलगा मात्र खिडकीशी उभा होता आणि त्याच्या चेहऱ्यावर विजय वगैरे काही नव्हता. तो हळूच म्हणाला, "आई, टॉकीज पाडलं ना. मी कॉलेजात होतो तेव्हा. आपण बघायला गेलो होतो, शेवटचा खेळ."

"मालूम है मेको," काकू म्हणाल्या.

त्या खुर्चीत बसल्या. फोन हातात तसाच. पलीकडून मुलगी "हॅलो, आंटी, हॅलो" म्हणत होती. मुलाने सूटकेसकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि फोन घेण्यासाठी हात पुढे केला. मला वाटलं संपलं. मी शपथ मोडायची ठरवलं, तोंडही उघडलं, पण त्यात पोहे होते.

काकूंनी मुलाचा हात बाजूला केला. त्या फोनमध्ये म्हणाल्या, "माय हाउस छोड दो. यू. व्हॉट इज इन फ्रंट ऑफ यू?"

हा प्रश्न मी शिकवला नव्हता. आम्ही दोघींनी मिळून फक्त सांगण्याचा सराव केला होता, विचारण्याचा नाही.

मुलगी म्हणाली, समोर एक माणूस शिडीवर चढलेला आहे.

"मॅन ऑन द लॅडर," काकू म्हणाल्या आणि सावरून बसल्या. "विथ मिशी? मुस्टॅश?"

हो, आहे मिशी.

"शर्ट?"

मुलगी घुटमळली. शर्ट नाही, बनियन आहे, असं तिने मोठ्या सभ्यपणाने सांगितलं.

"अच्छा, तो," काकू आम्हाला म्हणाल्या. "सकाळपासून दिव्यांची माळ लावून राहिला आहे, उतरेल तर शपथ." मग फोनमध्ये, "बिहाइंड द मॅन?"

त्याच्या मागे निळं फाटक आहे. फाटकावर तेलाच्या डब्यांत लावलेली झाडं आहेत.

"अंडर द गेट, डॉग?"

आहे.

"विथ वन इअर?"

मुलगी हसली. त्या सकाळी ती पहिल्यांदाच हसली असावी. हो, एकच कान आहे, म्हणाली.

"बस. स्टँड विथ द डॉग," काकू म्हणाल्या. "नो फिअर. ही इज फ्रॉम गुड फॅमिली. आय कम."

आणि त्या उठल्या, चपला घातल्या आणि निघाल्या. मुलगा मागे धावला, कारण गल्लीच्या तोंडाशी खड्ड्यावर फळी टाकलेली होती आणि त्याला जिना आठवला. मी गच्चीवरून बघत होते. काकूंनी फळीशी उभ्या असलेल्या एका परक्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवला, विचारलंही नाही, आणि पलीकडे गेल्या. मुलगा अनवाणी होता. तो फळीवर पाय ठेवणार तेवढ्यात पलीकडून एक बाई डोक्यावर टोपली घेऊन फळीवर आली, आणि त्याला मागे सरून उभं राहावं लागलं. मग दुसरी आली. आईला सांभाळायला बेंगळुरूहून आलेला माणूस भाजीच्या टोपल्यांना वाट देत उभा होता. मी एकटीच होते म्हणून मनसोक्त हसून घेतलं.

थोड्या वेळाने वरात आली. पुढे काकू, मागे चष्मा लावलेली, घामाघूम झालेली मुलगी, तिच्यामागे दोन बॅगा घेतलेला मुलगा, आणि सगळ्यांत शेवटी एका कानाचं कुत्रं, ज्याने 'स्टँड विथ' चा अर्थ जरा जास्तच मनावर घेतला होता. काकूंनी घर दाखवलं. वॉटर इन द टँक. की अंडर द पॉट. गेट क्लोज ॲट टेन. नो बॉय ऑन द स्टेअर्स. मुलीने प्रत्येक वाक्याला मान हलवली आणि शेवटच्याला दोनदा. मग काकूंनी शेव घातलेले पोहे तिच्यापुढे ठेवून विचारलं, "विथ हूम?" मुलगी अडखळली नाही. म्हणाली, "विथ यू, आंटी." खोली तिथेच दिली गेली.

मुलगी वर अंघोळीला गेली. मुलाने सूटकेसमधली शालींची घडी काढली आणि कपाटात ठेवली. मला वाटलं आता काकू त्याला चांगल्या चिडवतील. मी त्यासाठी चहा घेऊन बसलेच होते.

काकू म्हणाल्या, "आता येईन तुझ्याकडे. दोन महिने."

तो वळला. "आत्ता तर जिंकलीस ना. मग?"

"मागच्या वेळी आले होते ना तुझ्याकडे, तेव्हा कोथिंबीर आणायला खाली उतरले होते," काकू कपात चमचा फिरवत म्हणाल्या. "परत आले तर सगळ्या बिल्डिंगा सेम टू सेम. तेच गेट, तीच झाडं. कुठली आपली ते नाही कळलं. वॉचमनने इंग्रजीत काहीतरी विचारलं, मी येस म्हटलं. तो गेला. फोन घरीच राहिला होता. मग बाकावर बसून राहिले. संध्याकाळी सूनबाई ऑफिसातून येऊन राहिली होती, तिने पाहिलं. मी म्हटलं, हवा खाते. तिच्या मागेमागे घरी गेले."

"मला नाही सांगितलंस," मुलगा म्हणाला.

"काय सांगणार? मी कुठे आहे तेच नव्हतं माहीत." मग चमचा बाजूला ठेवून, "तेव्हा ठरवलं, तिथे परत नाही यायचं. मला लाज वाटली रे."

तो आईसमोर जमिनीवर बसला. त्याचे तळवे अजून गल्लीतल्या मातीने भरलेले होते. इतके आठवडे मी समजत होते की ही बाई भाडेकरूसाठी शिकते आहे, आणि मनातल्या मनात तिच्या हट्टाला हसत होते. मला एकाएकी इतकं वाईट वाटलं की मी चहाचा कप खाली ठेवला.

"आता कोणी विचारलं तर सांगेन," काकू म्हणाल्या. "समोर काय, मागे काय, सगळं सांगेन. पण तिकडे कायमचं नाही राहायचं मला. तू तिकीट काढ, पण परतीचं आधी काढ. ते मला दाखव. मग जायचं काढ."

मुलाने बाहीने नाक पुसलं, खिशातून फोन काढला आणि तिथेच बसून आधी बेंगळुरूहून इंदूरचं तिकीट बघायला लागला.